रशिया-युक्रेन युद्ध: दोन्ही सरकारांचे आकडे घरबसल्या कसे तपासायचे?

मध्यममार्गी

२०२५ संपताना युद्धाचं चौथं वर्ष सरत आलं. रोज सकाळी दोन आकडे येतात. कीव्हचं जनरल स्टाफ, म्हणजे लष्कराचं मुख्यालय, सांगतं काल रशियाचे इतके गेले, मॉस्कोचं संरक्षण मंत्रालय सांगतं काल युक्रेनचे इतके गेले. आपले किती गेले, हे मात्र दोघंही क्वचितच बोलतात. आपली वृत्तसंकेतस्थळं यातला जो आकडा हाती लागेल तो मथळ्यात टाकून मोकळी होतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पानावर उलटा आकडा असतो.

कोण बरोबर, कोण चूक हा वाद इथे नको, त्यासाठी दुसरे धागे ओसंडून वाहताहेत. माझे प्रश्न साधे आहेत. मृत सैनिकांचा आकडा, 'इतके रणगाडे उडवले' हा दावा, आणि 'अमुक शहर ताब्यात घेतलं' ही घोषणा, या तिन्हींची पडताळणी पैसे न मोजता, रशियन येत नसताना किती करता येते? आणि कुठे हात टेकावे लागतात?

आकडेमोडे

मृतांच्या आकड्याचं सांगतो. बाकीचं नकाशावाली आणि इतर लिहितीलच.

आकडा दिसला की आधी तो कशाचा आहे ते बघा. युक्रेनचं जनरल स्टाफ रोज रशियाच्या मनुष्यहानीचा आकडा देतं, त्यात मेलेले आणि जायबंदी झालेले एकत्र धरलेले असतात. मराठीत येईपर्यंत त्या सगळ्यांना 'ठार' केलेलं असतं. जखमींचा आकडा त्याहून निसरडा. झेलेन्स्कींनी ८ डिसेंबर २०२४ रोजी आपले ४३ हजार सैनिक मेले आणि ३ लाख ७० हजार जखमी झाले असं सांगितलं, पण जखमींचा तो आकडा उपचार द्यावे लागले त्या प्रसंगांचा होता. तोच माणूस दोनदा जखमी झाला तर दोनदा धरला, किरकोळ जखमाही धरल्या. हे त्यांच्याच निवेदनात होतं, बातम्यांत गळलं. तिसरा ढीग बेपत्ता लोकांचा. मृतदेह दोन खंदकांच्या मधल्या पट्ट्यात पडून असेल, आणता येत नसेल, तर तो माणूस कागदावर मेलेला नसतो. युक्रेनमध्ये मृत सैनिकाच्या कुटुंबाला दीड कोटी ह्रिवनिया (तिथलं चलन) मिळतात, त्यामुळे बेपत्ता आणि मृत या दोन रकान्यांच्या मध्ये सरकारचा आणि घरच्यांचा, दोघांचाही जीव अडकलेला असतो. 'मृत इतकेच' असं कुणी म्हणालं की बेपत्ता कुठे धरलेत ते विचारायचं. उत्तर बहुधा येत नाही.

दुसरं काम, दर काढायचा. याला फक्त भागाकार लागतो. झेलेन्स्कींनी २५ फेब्रुवारी २०२४ ला ३१ हजार मृत सांगितले होते. युद्धाचे तोवर ७३१ दिवस झाले होते, म्हणजे दिवसाला ४२. मग ८ डिसेंबरला ४३ हजार. मधल्या २८७ दिवसांत १२ हजार, म्हणजे पुन्हा दिवसाला ४२. आता मधल्या काळात काय चाललं होतं ते आठवा. दोनेत्स्कमधली माघार, पोक्रोव्स्कच्या दिशेने रेटा, ऑगस्टपासून रशियाच्या कुर्स्क प्रांतात युक्रेनची मोहीम. लढाई इतकी बदलली आणि दर तसूभर हलला नाही. यातून खोटेपणा सिद्ध होत नाही, ३१ हजार हा मुळात गोळाबेरीज आकडा होता. पण आकडा मोजून आलाय की ठरवून, ही शंका घ्यायला जागा नक्की होते.

हाच हिशेब मॉस्कोवर लावा. त्यांनी एकूण मृतांचा आकडा तीनदाच दिला: २ मार्च २०२२ ला ४९८, २५ मार्चला १,३५१ आणि २१ सप्टेंबरला तेव्हाचे संरक्षणमंत्री शोइगू यांच्या तोंडून ५,९३७. त्यानंतर एकूण आकडा आलेलाच नाही. पहिल्या महिन्यात दिवसाला ४५, पुढच्या १८० दिवसांत दिवसाला २५. सेव्हेरोदोनेत्स्क-लिसिचान्स्कच्या लढाईचा उन्हाळा आणि खारकीव्हमधली रशियाची पळापळ त्या १८० दिवसांत येते. इथे मात्र शंकेवर थांबायची गरज नाही. त्याच सुमारास पत्रकारांच्या नावनिशीवार यादीत ६ हजारांहून अधिक रशियन सैनिक होते. नावं ५,९३७ च्या वर गेली की सरकारी आकडा साध्या बेरजेनेच पडतो.

ती यादी कशी बनते ते समजून घ्या, कारण तिचीही मर्यादा तिथेच आहे. मीडियाझोना ही रशियन वृत्तसंस्था, बीबीसीची रशियन सेवा आणि स्वयंसेवक मिळून ती चालवतात. कच्चा माल म्हणजे व्हीकोन्ताक्ते या रशियन समाजमाध्यमावर नातलगांनी टाकलेल्या श्रद्धांजल्या, जिल्हा प्रशासनाची निवेदनं, स्थानिक वर्तमानपत्रं, शाळेच्या भिंतीवर लागलेल्या पाट्या, कब्रस्तानातले फोटो. प्रत्येक नोंदीला नाव, पितृनाम, जन्मतारीख, गाव, जमलं तर तुकडी. एका नावाची दोन माणसं वेगळी काढायला पितृनाम आणि जन्मतारीखच कामाला येते. बातमीची तारीख आणि मृत्यूची तारीख यांत कधी आठवडे, कधी वर्ष जातं, म्हणून या यादीवरून 'या महिन्यात हानी वाढली' असा निष्कर्ष काढायचा नसतो. गेल्या काही महिन्यांचा आलेख नेहमीच खाली झुकलेला दिसतो आणि पुढे भरून येतो. अनेकजण नेमके इथे फसतात.

ही यादी म्हणजे किमान मर्यादा. खरा आकडा काढायला बीबीसीने तज्ज्ञांच्या हवाल्याने एक गुणोत्तर दिलंय: यादीत प्रत्यक्ष मृतांपैकी ४५ ते ६५ टक्के येत असावेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये यादीत ९५ हजार नावं होती. ०.६५ ने भागलं तर १ लाख ४६ हजार, ०.४५ ने भागलं तर २ लाख ११ हजार.

आता हा अंदाज बरोबर का, हे पाहायला दुसरी, वेगळी पद्धत लागते, आणि ती आहे. रशियात कुणी वारल्यावर वारस नोटरीकडे जाऊन वारसा प्रकरण उघडतात. त्याची देशभराची एकच नोंदवही आहे आणि ती नावाने शोधता येते. मेदूझा हे रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि मीडियाझोना यांनी ती नोंदवही उपसली. ५० वर्षांखालच्या पुरुषांचे मृत्यू त्याच वयाच्या बायकांच्या मृत्यूंशी ताडून पाहिले. कोविड, दारू, अपघात यांमुळे दोघांच्या मृत्यूंचं जे प्रमाण शांततेच्या वर्षांत असतं, त्यावर पुरुषांचे जितके जास्त तितके युद्धाचे. मे २०२३ अखेर ४७ हजार, २०२३ अखेर ७५ हजार, २०२४ अखेर १ लाख ६५ हजार. शेवटचा आकडा वरच्या १.४६ ते २.११ लाखांत बसतो. श्रद्धांजलीच्या पोस्टी आणि नोटरीचे कागद हे मुळात वेगळे स्रोत, तरी दोन्ही एकाच ठिकाणी आणून सोडतात. माझ्या मते या संपूर्ण युद्धात सर्वांत भरवशाचा आकडा हाच.

त्यात चुकण्याच्या जागा तीन. वारसा प्रकरण उघडायला ६ महिने मिळतात, त्यामुळे ताजे महिने अंदाजाने भरावे लागतात. ज्याच्या नावावर ना घर ना गाडी, त्याचं प्रकरण उघडतच नाही, म्हणून एका गुणकाने वाढवावं लागतं आणि तो गुणक थोडा हलला की बेरीज हजारोंनी हलते. आणि दोनेत्स्क-लुहान्स्कच्या स्थानिक तुकड्या किंवा परदेशी भाडोत्री यात येतच नाहीत.

युक्रेनच्या बाजूला अशी खुली नोंदवही उपलब्ध नाही. नावांच्या खासगी याद्या आहेत आणि त्या झेलेन्स्कींच्या आकड्याच्या पुढे गेल्यात, एवढं सांगता येतं.

स्पष्टवक्ता

थोडक्यात काय, दोघंही खोटं बोलतात. मग इतका घाम कशाला गाळायचा?

आकडेमोडे

दोघांची लपवण्याची रीत वेगळी आहे, म्हणून तपासायची रीतही वेगळी लागते. रशियात ४ मार्च २०२२ पासून फौजदारी संहितेत २०७.३ हे कलम आहे. सैन्याविषयी 'जाणूनबुजून खोटी माहिती' पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत शिक्षा. खोटं कशाला म्हणायचं हे ठरवताना संरक्षण मंत्रालयाचं निवेदनच प्रमाण धरतात. मॉस्कोतले नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव्ह सभेत युद्धाविरुद्ध बोलले आणि जुलै २०२२ मध्ये ७ वर्षं आत गेले. तिथे आकडा नाहीच मिळत, तो आडून काढावा लागतो.

युक्रेनमध्ये पत्रकार आहेत, संसदेत आरडाओरड होते, पण फेब्रुवारी २०२२ पासून मोठ्या वाहिन्या एकत्र करून एकच सामाईक बातमी प्रसारण चालतं. हल्ल्याची जागा चित्रित करून टाकणं गुन्हा ठरू शकतं. आघाडीचे लाल-पिवळे-हिरवे पट्टे पाडून पत्रकार कुठवर जाईल ते लष्कर ठरवतं. लोकांनी याचा हिशेब आपल्या परीने चुकता केलाय: कीव्ह आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संस्थेच्या पाहण्यांत त्या सामाईक प्रसारणावर विश्वास असणारे मे २०२२ मध्ये ६९ टक्के होते, फेब्रुवारी २०२४ मध्ये ३६ टक्के. सैन्यावरचा विश्वास तेव्हाही भक्कम होता, म्हणजे लोक बातमीवर चिडलेत. आणि असा प्रश्न लोकांना निर्धास्तपणे विचारता येतो, हाही दोन देशांमधला फरकच.

नकाशावाली

स्फोट, आगी, तळावरची हानी यांचं लिहिते. उदाहरण साकी विमानतळाचं घेऊ, कारण त्यात सरकारी दावा स्पष्ट होता आणि तो २४ तासांत पडला.

९ ऑगस्ट २०२२ ला क्रिमियात नोवोफेदोरिव्का इथे लागोपाठ स्फोट झाले. रशियाने सांगितलं, दारूगोळा आपोआप पेटला, एकाही विमानाला धक्का लागला नाही. दुसऱ्या दिवशी प्लॅनेट कंपनीची उपग्रह चित्रं आली. त्यात उघड्यावरच्या थांब्यांवर किमान सात-आठ विमानं जळून काळी झालेली आणि धावपट्टीशेजारचं गवत राख झालेलं दिसत होतं. प्लॅनेटची चित्रं फुकट मिळत नाहीत, पण जळालेलं क्षेत्र तुम्हाला आजही फुकट बघता येईल.

कोपर्निकस ब्राउझर हे युरोपच्या उपग्रह चित्रांचं संकेतस्थळ उघडा, इमेलने खातं काढा. ४५.०९ उत्तर, ३३.५९ पूर्व असं टाका. सेंटिनेल-२ या उपग्रहाचा एल२ए (L2A) संच निवडा, ढगांची मर्यादा २० टक्क्यांवर आणा, आणि ९ ऑगस्टच्या आधीची एक, नंतरची एक अशा दोन स्वच्छ तारखा घ्या. नैसर्गिक रंगात फारसं कळणार नाही. १२, ८ए आणि ४ हे पट्टे एकत्र करणारं लघुतरंग अवरक्त (SWIR) दृश्य लावा, जळालेली जमीन गडद तपकिरी-लालसर उठून दिसते. मग तुलनेची पट्टी इकडून तिकडे सरकवा.

यातून काय कळत नाही तेही सांगते. सेंटिनेल-२ चा एक ठिपका १० मीटरचा, १२ नंबरचा पट्टा तर २० मीटरचा. सुखोई-२४ ची लांबी साडेबावीस मीटर, म्हणजे जेमतेम दोन ठिपके. त्यावरून विमानं मोजणारे लोक समाजमाध्यमांवर भरपूर आहेत, त्यांचं ऐकू नका. आग लागली, कुठे लागली, किती पसरली, एवढंच यातून निघतं. उपग्रह साधारण ५ दिवसांनी परत येतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी युक्रेनवर ढगांची चादर असते. तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार वापरायचं, पण ते वाचायला सराव लागतो.

आगीची वेळ हवी असेल तर नासाचं फर्म्स (FIRMS), म्हणजे उपग्रहांना दिसलेल्या आगींचा नकाशा. त्यात दोन प्रकारचे ठिपके असतात, मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाचे १ किलोमीटरचे आणि व्हीआयआयआरएस (VIIRS) या दुसऱ्या उपकरणाचे ३७५ मीटरचे. दुसरेच बघा. ठिपका जिथे दिसतो तिथेच आग असं नसतं, ३७५ मीटरच्या चौकोनात कुठेतरी काहीतरी तापलंय एवढाच त्याचा अर्थ. जुलै-ऑगस्टमध्ये गव्हाची धसकटं जळतात आणि झापोरिझ्झिया, खेरसोनची शेतं लाल ठिपक्यांनी भरून जातात. ऊसतोडीनंतर पाचट पेटवतात तेव्हा सांगली-कोल्हापूर उघडून बघा, म्हणजे कल्पना येईल. पोलाद कारखाने आणि तेलशुद्धीकरणाच्या चिमण्या बारमाही ठिपके देतात, म्हणून त्याच जागेचे मागच्या महिन्याचे ठिपके आधी बघून घ्यायचे.

खटारा

रणगाडे आणि तोफांच्या दाव्यांसाठी ओरिक्स (Oryx) या संकेतस्थळाची नष्ट झालेल्या सामग्रीची यादी. नियम एकच: फोटो किंवा चित्रफीत असेल तरच नोंद. उद्ध्वस्त, खराब, सोडून दिलेलं आणि शत्रूने पकडलेलं असे चार रकाने. ही सुद्धा किमान मर्यादाच.

ती वाचताना घोटाळे कुठे होतात? एक, दोन्ही सैन्यांकडे टी-७२, टी-६४ रणगाडे आणि बीएमपी ही चिलखती वाहनं आहेत. बाजू ओळखायची ती झेड किंवा व्ही सारख्या खुणांवरून, रंगावरून, वर ठोकलेल्या जाळीवरून. जळालेल्या सांगाड्यावर यातलं काही उरत नाही. दोन, एकच सांगाडा चार कोनांतून चार वेळा फिरतो. मागची झाडं, बुरुजाची दिशा, तुटलेली साखळी यांवरून जुळवावं लागतं. तीन, एफपीव्ही, म्हणजे कॅमेऱ्यातून बघत लक्ष्यावर नेऊन आदळायच्या, ड्रोनची फीत धडकेच्या क्षणी तुटते. पडदा मुंग्यांनी भरला म्हणजे रणगाडा गेला असं नाही. वरून दुसऱ्या ड्रोनने घेतलेली फीत असेल तरच मोजा, आणि तो रणगाडा आधीपासूनच सोडून दिलेला नव्हता ना ते बघा. सोडलेल्या वाहनावर पाच-पाच ड्रोन वाया घालवतात आणि पाच 'यश' नोंदवतात. चार, युक्रेन स्वतःच्या हानीचे फोटो दाबतो, त्यामुळे यादी रशियाच्या बाजूला अधिक पूर्ण असते. दोन बाजूंचं गुणोत्तर काढताना हे विसरू नका.

सरकारी दाव्यांचे दोन नमुने. रशियाने ५ ते २० जुलै २०२२ दरम्यान ४ हायमार्स (युक्रेनला मिळालेले अमेरिकी रॉकेटमारे) उडवल्याचं जाहीर केलं. चित्रासकट खात्री झालेली पहिली हायमार्स पडली ती मार्च २०२४ मध्ये. दुसरा नमुना करमणुकीचा. जून २०२३ च्या सुरुवातीला संरक्षण मंत्रालयाने हेलिकॉप्टरमधून युक्रेनचे जर्मन बनावटीचे 'लेपर्ड रणगाडे' उडवल्याची फीत टाकली. रशियाच्याच लष्करी ब्लॉगवाल्यांनी दाखवून दिलं की ती शेतातली कापणीची यंत्रं आहेत. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात माला तोकमाचकाजवळ खरेखुरे लेपर्ड पडले आणि ती चित्रं अस्सल होती. आधीची फीत खोटी निघाल्याने कित्येकांनी हीही झटकून टाकली.

जुनी_पानं

खटारा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. फुगलेला दावा दिसला की लगेच खोटारडेपणा म्हणू नये, आधी तो कोणत्या पायरीवर फुगला ते शोधावं. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटनने १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. खरी पडली ६० च्या आसपास. वैमानिक लबाड नव्हते. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, तिघांनीही ते धूर सोडत खाली जाताना पाहिलं, तिघांनी लिहून दिलं. एक पतंग कटला की चार गच्च्यांवरून 'काटला' ओरडतात, तसं. मंत्रालयाने ते न गाळता छापलं, कारण लोकांना तेच हवं होतं.

असा आकडा स्वतःच्याच सेनापतीकडे गेला की मग अनर्थ. ऑक्टोबर १९४४ मध्ये तैवानजवळच्या हवाई लढाईनंतर जपानच्या सर्वोच्च मुख्यालयाने अमेरिकेची ११ विमानवाहू जहाजं बुडवल्याचं सांगितलं. एकही बुडालं नव्हतं, दोन क्रूझर जबर खराब झाल्या होत्या. रात्रीची लढाई, नवशिके वैमानिक, समुद्रात पेटून पडलेलं स्वतःचंच विमान त्यांना जळणारं जहाज वाटलं. टेहळणीत विमानवाहू जहाजं पुन्हा दिसल्यावर नौदलाला चूक उमगली, पण ती लष्कराला धड कळवली नाही. अमेरिकेचं आरमार मोडलंय या भरवशावर लष्कराने फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावर लढायचा बेत बदलून लेयते बेटावर फौजा उतरवल्या.

आणि जिथे मोजणारालाच बढती मोजणीवर मिळते तिथे व्हिएतनाम होतो. त्याला एक सोपी कसोटी आहे, ती आजही चालते: मेलेल्यांच्या आकड्याशेजारी हाती लागलेल्या हत्यारांचा आकडा ठेवा. डिसेंबर १९६८ ते मे १९६९ मध्ये मेकाँग खोऱ्यात अमेरिकेच्या ९ व्या डिव्हिजनने 'स्पीडी एक्स्प्रेस' मोहीम चालवली. शत्रूचे मृत सुमारे १०,९००, मिळालेली हत्यारं ७४८. साडेचौदा मृतदेहांमागे एक बंदूक. बाकीचे कोण होते, हा प्रश्न सैगावच्या संध्याकाळच्या पत्रकार परिषदेत विचारला की उत्तर तयार असायचं: हत्यारं कालव्यात फेकली. त्या परिषदांना पत्रकार 'पाच वाजताचा तमाशा' अशाच अर्थाच्या नावाने ओळखत.

कसोटी वापरताना एक पथ्य. ड्रोन आणि तोफांच्या लढाईत दोन्ही बाजू मैदानात जाऊन हत्यारं गोळा करू शकत नाहीत, त्यामुळे आज युक्रेनमध्ये हे गुणोत्तर तसंही मोठं येईल. जिथे जमीन हाती आली असा दावा आहे तिथेच ते लावा.

मध्यममार्गी

सगळ्यांचे आभार. तिसरा प्रश्न राहिला, शहराच्या ताब्याचा. उदाहरण युक्रेनच्या खारकीव्ह प्रांतातलं कुपियान्स्क. २० नोव्हेंबर २०२५ ला रशियाचे लष्करप्रमुख गेरासिमोव्ह यांनी पुतिनना शहर घेतल्याचं सांगितलं आणि १२ डिसेंबरला झेलेन्स्की शहराच्या वेशीवरच्या नावाच्या खांबापाशी उभे राहून चित्रीकरण करताना दिसले. मग पहिला दावा सपशेल खोटा धरायचा का?

नकाशावाली

तो दावा टिकला नाही, हे खरं. पण खांबाच्या फितीतून निघतं एवढंच की त्या दिवशी वेशीपर्यंत जाता येत होतं. शहराच्या मध्यात काय होतं ते त्यात नाही.

ताबा या गोष्टीचे तुकडे पाडा. झेंड्याची फीत: दोन-तीन माणसं घुसून छपरावर कापड पसरतात, वरून ड्रोन चित्र घेतो, आणि तासाभराने ती माणसं जिवंत असतातच असं नाही. याचा अर्थ घुसखोरी, ताबा नव्हे. दावा करणाऱ्याच्या उलट बाजूचा पुरावा जास्त वजनाचा. शहर घेतलं असं रशिया म्हणत असताना रशियाचंच ड्रोन शहराच्या मध्यावर युक्रेनच्या सैनिकांवर हल्ला करतानाची फीत टाकत असेल, तर ते तिथे आहेत हे रशियानेच कबूल केलं. अशा फिती शोधा. जागा पटवायला दोन खुणा लागतात, एक भागत नाही: चर्चचा घुमट आणि रस्त्याचा फाटा, किंवा पाण्याची टाकी आणि इमारतींची रांग. मग सनकॅल्क (SunCalc) या सूर्याची दिशा दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या जागेची सावली कुठल्या वेळी कुठे पडते ते बघून वेळ काढा. पानं, बर्फ, चिखल यावरून महिना. चार महिन्यांपूर्वीची फीत आजची म्हणून चालवताना बहुतेकदा झाडांवर पानं राहून जातात.

आघाडीचे तयार नकाशे वापरताना हे लक्षात ठेवा की डीपस्टेट (DeepState) हा नकाशा युक्रेनचा आहे आणि त्यांच्या सैन्याशी त्याचं सहकार्य आहे. जमीन गेल्याचं तो उशिरा दाखवतो, पण दाखवतो. मधला राखाडी पट्टा रुंद होत गेला की काही तरी बिघडतंय असं समजायचं, घोषणेची वाट बघायची नाही. रशियन बाजूलाही तसंच. १० सप्टेंबर २०२२ ला त्यांनी बालाक्लिया-इझियुममधून 'फेरजुळवणी' जाहीर केली, पण दुसऱ्या दिवशीच्या त्यांच्याच पत्रकार परिषदेतल्या नकाशावर खारकीव्ह प्रांतातला बराचसा भाग गायब होता. निवेदन ऐकण्यापेक्षा त्यामागचा नकाशा वाचा.

तळटीप

आपल्याकडचं काय, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. २६/११ ला वाहिन्यांनी कमांडो कारवाई थेट दाखवली आणि ती पाहून सीमेपलीकडचे सूत्रधार आतल्या लोकांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ च्या कसाब निकालात वाहिन्यांना झापलं होतं. म्हणून कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच, असा नियम केबल कायद्याखाली आहे. त्यात मला गैर वाटत नाही. मौन आणि खोटं यात फरक करावा.

अडचण मौनाच्या पोकळीत काय भरतं याची आहे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात ८ तारखेच्या रात्री वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं, तेही अर्थातच फक्त पडद्यावर. विमानांच्या हानीबद्दल ११ मे ला एअर मार्शल भारती 'हानी हा लढाईचा भाग असतो' एवढंच म्हणाले. विमानं गेली हे तेव्हाचे संरक्षण दल प्रमुख (सीडीएस) चौहान यांनी ३१ मे ला सिंगापुरात परदेशी माध्यमांना सांगितलं, संख्या दिली नाही, सहाचा पाकिस्तानी दावा साफ चूक म्हणाले. तोवर २४ दिवस दोन्हीकडचे लोक आपापले आकडे पाठ करत होते.

आणि सरकारबद्दलचं काय खोटं हे सरकारी कक्षाने ठरवावं, अशी माहिती तंत्रज्ञान नियमांतली दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. पत्र सूचना कार्यालयाचा (पीआयबी) तथ्य पडताळणी विभाग अजून चालतो. जुनी चित्रं, व्हिडिओ गेममधली दृश्यं युद्धाची म्हणून फिरतात, त्यासाठी तो उपयोगी. सरकारच्या स्वतःच्या हानीचा प्रश्न आला की तिथे तो पक्षकार असतो.

एक कामाची सूचना: जे निवेदन तपासायचंय त्याची प्रत आधी वेबॅक मशीन या पानं साठवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करा. पोस्टी बदलतात, उडतात. फक्त पडद्याचा फोटो ठेवलात तर नंतर कुणी मानत नाही.

मध्यममार्गी

नकाशावाली, एक शेवटचं. फर्म्सवर मला एक ठिपका २३:४० चा दिसतो आणि बातमीत हल्ला पुढच्या तारखेचा आहे. हे वेगळे हल्ले समजायचे का?

नकाशावाली

नाही, ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आहे. कीव्ह हिवाळ्यात यूटीसीच्या २ तास पुढे, उन्हाळ्यात ३. मॉस्को आणि क्रिमिया वर्षभर ३. आपण साडेपाच. तुमचा २३:४० म्हणजे हिवाळ्यात कीव्हला पुढच्या तारखेचे पहाटेचे १:४०, आपल्याकडे ५:१०. हे उपग्रह स्थानिक वेळेनुसार रात्री आणि दुपारी दीडच्या आसपास वरून जातात, त्यामुळे संध्याकाळी ७ ला पेटून ११ ला विझलेली आग त्यांना दिसतच नाही. ठिपका नसणं म्हणजे हल्ला झाला नाही असं धरू नका.